शाळा सुरू होतानाचे पहिले सहा आठवडे कसे वापरावेत?

धागाकर्ती (पहिली-दुसरीची शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, पालघर जिल्हा)

सर्वांना नमस्कार.

शाळा उघडून दुसरा आठवडा सुरू आहे. प्रवेशोत्सव झाला, नव्या मुलांचे औक्षण झाले, पहिल्याच दिवशी पुस्तके हातात पडली आणि गोड जेवणही झाले. हा सोहळा मला मनापासून आवडतो, कारण ज्या घरातले मूल पहिल्यांदाच शाळेची पायरी चढत आहे त्या घराला गाव त्या दिवशी मान देते. माझा प्रश्न मात्र त्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे. ज्या मुलाला आपण वाजतगाजत आणले ते जुलैच्या अखेरीस रोज आपणहून येते का, वर्गात बोलते का आणि त्याचे शिकणे खरोखर पुढे सरकते का, हे बहुतांशी या सुरुवातीच्या आठवड्यांतच ठरते, असे माझे मत आहे.

आमची शाळा द्विशिक्षकी असून पहिली आणि दुसरी माझ्याकडे एकत्र बसतात. पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, त्यामुळे जूनमध्ये साडेपाच वर्षांचे मूल आणि साडेसहा वर्षांचे मूल एकाच पट्टीवर शेजारी बसलेले असते. त्या वयात एका वर्षाचे अंतर फार मोठे असते. त्यातच बहुतेक मुलांच्या घरी वारली बोलली जाते. पुस्तकातली मराठी त्यांना कळत नाही असे नाही, पण त्या भाषेत आपण बोलू शकतो असा विश्वास त्यांना नसतो, आणि गप्प बसलेल्या मुलाला काय येते हे शिक्षकाला कळण्याचा मार्गच बंद होतो.

एक प्रसंग सांगते. एक मुलगी पहिले काही दिवस तोंडातून शब्दही काढत नव्हती. पहिल्या पावसानंतर मी वर्गात खेकड्यांचा विषय काढला आणि फळ्यावर मुद्दाम सहा पायांचा खेकडा काढला. ती उठली, माझ्या हातातला खडू घेतला, दोन्ही बाजूंना एकेक पाय वाढवला आणि पुढे दोन नांग्या काढल्या. मग दगड कसा उलटायचा आणि नांगी लागू नये म्हणून खेकडा मागून कसा धरायचा, हे तिने तिच्या भाषेत हातवारे करून सांगितले. काही शब्द मला शेजारच्या मुलाला विचारून घ्यावे लागले. आठ पाय, दोन नांग्या, मिळून दहा, हे सगळ्या वर्गाने मोजले. दुसऱ्या दिवशी ती घंटा होण्यापूर्वीच येऊन बसली होती.

त्यामुळे पहिलीच्या मुलांसाठी पहिल्या सहा आठवड्यांत गप्पा, गोष्टी, बडबडगीते, चित्रे काढणे, वस्तूंची वर्गवारी करणे, मोजणे आणि आवाजांचे खेळ यांवर भर द्यावा आणि अक्षरे गिरवण्याची घाई करू नये, असे मी ठरवले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये पहिलीसाठी दिलेला ‘विद्या प्रवेश’ हा तीन महिन्यांचा खेळाधारित कार्यक्रम हेच सुचवतो. परंतु जुलै उजाडताच पालक आणि भेटीला येणारे अधिकारी एकच प्रश्न विचारतात : “किती अक्षरे झाली?” शिवाय दुसरीतल्या काही मुलांना अजून शब्द वाचता येत नाहीत, आणि आता भाताची लावणी सुरू झाली की धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मुले घरी राहू लागतील.

आपापल्या शाळेत आपण या काळात काय करता? शक्य असल्यास प्रत्यक्ष वर्गातले तपशील द्यावेत, ही विनंती.

प्रतिसाद १ (तिसरी-चौथीचे शिक्षक, सातारा जिल्हा)

बाई, विषय अगदी वेळेवर काढलात.

माझ्याकडे वरचे वर्ग आहेत, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा आहे. जूनमध्ये पुस्तकाचा पहिला धडा उघडण्यापूर्वी प्रत्येक मूल वाचनात आणि गणितात कुठे आहे हे मी स्वतः पाहतो. वाचनासाठी प्रारंभिक, अक्षर, शब्द, उतारा आणि गोष्ट अशी पाच पायऱ्यांची साधी पद्धत आपल्याकडे आता सर्वांच्या परिचयाची आहे. मूल जवळ बसवून, इतर मुलांच्या कानावर पडणार नाही अशा बेताने, पाच-सात मिनिटांत हे होते. वर्गात तीस मुले असली आणि रोज पाच-सहा जणांना बोलावले, तरी आठवडाभरात सगळा वर्ग होतो.

मात्र पायरी ठरवून नोंदवहीत टाकणे एवढ्याने काम भागत नाही, कारण एकाच पायरीवरची दोन मुले वेगवेगळ्या कारणांनी अडलेली असतात. यंदाच्याच चौथीतली दोन मुले पाहा. पहिला मुलगा ‘कोकीळ’ हा शब्द ‘काकळ’ असा वाचतो. त्याला अक्षरे येतात, पण काना सोडला तर बाकीच्या स्वरचिन्हांकडे त्याची नजरच जात नाही. दुसरा मुलगा ‘आड’ या शब्दाशेजारी चित्र असेल तर ‘विहीर’ असे वाचतो, आणि चित्र झाकले की थांबतो. त्याने चित्रांच्या आधाराने आणि पाठांतरावर तीन वर्षे निभावून नेली आहेत. पहिल्याला की, के, को यांचा फरक दाखवणारे शब्द जोडीने वाचायला हवेत. दुसऱ्याला मात्र चित्र नसलेला, न पाहिलेला मजकूर द्यायला हवा. दोघांच्याही नावापुढे ‘शब्द’ एवढेच लिहिले, तर दोघांनाही एकच उपाय मिळेल आणि तो किमान एकाच्या उपयोगाचा नसेल.

गणितातही हेच आहे. ५२ मधून २७ वजा करायला दिले की अनेक मुले ३५ लिहितात. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा एवढेच त्यांच्या डोक्यात बसलेले असते, म्हणून ती सातातून दोन काढतात आणि पाचातून दोन काढतात. या मुलांना ‘हातचा घ्या’ असे पुन्हा सांगून काहीही होत नाही. मी त्यांच्यापुढे काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवतो आणि सत्तावीस काड्या मागतो. सात सुट्या देता येत नाहीत हे हातांना कळते, आणि मूल स्वतःच गठ्ठ्याचा दोरा सोडते. कागदावरची रीत त्यानंतर शिकवतो.

चाचणीचा उपयोग दुसऱ्या दिवशीच्या तासात दिसायला हवा. तो दिसत नसेल, तर त्या चाचणीत घालवलेला वेळ मुलांकडून हिरावून घेतलेला वेळ आहे, असे मी मानतो.

प्रतिसाद २ (पालक, पुणे)

माझी मुलगी खासगी शाळेत पहिलीत गेली आहे. धागाकर्त्या ताईंचे म्हणणे पटते, तरीही पालक म्हणून मनात एक काळजी आहे. दीड-दोन महिने अक्षरे शिकवलीच नाहीत, तर शेजारच्या शाळेतल्या मुलांच्या तुलनेत आपले मूल मागे पडणार नाही का? आमच्या इमारतीतल्या तिच्या वयाच्या मुलांना बालवर्गातच लिहायला बसवले होते, आणि ती आता वाक्ये लिहितात. दुसरा प्रश्न असा की, या दिवसांत घरी नेमके काय करावे? शिकवणी लावावी, असा सल्ला चहूबाजूंनी मिळतो आहे.

प्रतिसाद ३ (धागाकर्ती)

आपली काळजी स्वाभाविक आहे. माझ्या वर्गातल्या पालकांनाही तीच आहे, फक्त ते ती वेगळ्या शब्दांत मांडतात.

अक्षरे शिकवूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. बोलण्यातला आवाज वेगळा ओळखता येणे, म्हणजे ‘मका’ आणि ‘मगर’ या दोन्ही शब्दांची सुरुवात एकाच आवाजाने होते हे कानाला कळणे, ही वाचनाची पहिली गरज आहे. ते जमले की अक्षरे फार लवकर येतात, आणि ते न जमता गिरवलेली अक्षरे मुलाच्या लेखी केवळ आकार राहतात. बाराखडीच्या क्रमाने जाण्याऐवजी म, क, ल, ब अशी थोडी अक्षरे आणि त्यांच्याबरोबर लगेच काना घेतला, की मूल काही दिवसांत ‘काका’, ‘मामा’, ‘बालक’, ‘कमल’ यांसारखे अर्थ असलेले शब्द वाचू लागते. आपण स्वतः वाचले, हा आनंद त्याला जुलैतच मिळतो.

घरी करण्यासारखे म्हणाल, तर रोज रात्री एक गोष्ट वाचून दाखवावी आणि ती वाचताना ओळींवरून बोट फिरवावे. शाळेत काय शिकवले असे विचारण्यापेक्षा आज कोणाशी खेळलीस, कशाचे हसू आले, काय आवडले नाही, असे विचारावे. झोपेची वेळ सांभाळावी. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा निर्णय घेतला, त्यामागे मुलांची अपुरी झोप हेच कारण होते. पहिलीच्या मुलीला जूनमध्ये शिकवणीची गरज नाही, हे मी पूर्ण विचारांती सांगते.

प्रतिसाद ४ (प्राथमिक शिक्षक, बीड जिल्हा)

आमच्याकडे या चर्चेला आणखी एक बाजू आहे, ती मांडतो.

माझ्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि कारखाने बंद झाले की उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ज्या मुलांना आजीआजोबांकडे ठेवता येते त्यांच्यासाठी गावात हंगामी वसतिगृह चालते आणि सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते. पण ज्यांच्या घरी मागे सांभाळणारे कोणी नाही ती मुले सोबत जातात. काहींना तिकडच्या शाळेत बसायला मिळते, तर काही जण फडावर लहान भावंडांना सांभाळतात. अशा मुलांसाठी जून ते ऑक्टोबर हेच खरे शैक्षणिक वर्ष असते. त्यामुळे इतर शाळांत ज्याला वर्षाची सुरुवात म्हणतात, ती आमच्या दृष्टीने जवळजवळ सगळी हाती असलेली वेळ असते.

म्हणून मी जूनमध्ये दोन गोष्टी करतो. पहिली गोष्ट म्हणजे शाळा उघडण्याआधीच्या आठवड्यात वस्तीवर जाऊन प्रत्येक घरात बसतो. कोण परतले, कोण अजून यायचे आहे, कोणत्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली आहेत, हे सगळे तिथेच कळते. शेवटची गोष्ट कानावर आली की मी मुख्याध्यापकांना आणि ग्रामसेवकांना बरोबर घेऊन पुन्हा त्या घरी जातो, कारण तिथे एकट्या शिक्षकाचा शब्द पुरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे परत आलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गातच बसवतो. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमात तशी तरतूद आहे, आणि मागे राहिलेले शिक्षण भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही त्याच कलमाने दिला आहे. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीच्या मुलांत बसवले, तर ते आठवडाभरही टिकत नाही.

या मुलांना बरेच काही येते, हेही सांगायला हवे. मोळ्या मोजणे, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा (आगाऊ रकमेचा) हिशोब, गाडी किती टनांची भरली याचा अंदाज, हे त्यांनी रोज पाहिलेले असते. सहावीतल्या एका मुलाला टन आणि क्विंटल यांचे रूपांतर मला शिकवावे लागलेच नाही. त्यानेच वर्गाला समजावून सांगितले. तोच मुलगा वाचनात मात्र ‘शब्द’ पायरीवर होता. एका मुलाविषयी ही दोन्ही सत्ये एकाच वेळी शिक्षकाच्या मनात असावी लागतात, नाहीतर आपण त्याला ‘कच्चा’ म्हणून मोकळे होतो.

प्रतिसाद ५ (निवृत्त केंद्रप्रमुख, कोल्हापूर जिल्हा)

चर्चा वाचून समाधान वाटले. प्रशासनाच्या बाजूने काही वर्षे काम केलेले असल्याने त्या अंगाने लिहितो.

‘अभ्यासक्रम पूर्ण करायचा की मागे राहिलेल्या मुलांवर वेळ द्यायचा’ असा पेच शिक्षक बंधू-भगिनी नेहमी मांडतात, आणि वरिष्ठांच्या भीतीने बहुधा पहिला पर्याय निवडतात. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ त्यांनी मूळातून वाचावे. विहित वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणे हे शिक्षकाचे कर्तव्य त्यात आहे. त्याच्या लगेच पुढचे कर्तव्य असे आहे की, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्यानुसार त्याला लागणारे जादा अध्यापन द्यावे. त्यापुढे उपस्थिती आणि प्रगती यांबाबत पालकांच्या नियमित बैठका घेण्याचे कर्तव्य आहे. म्हणजे कायद्याने ही कामे एकमेकांच्या विरोधात उभी केलेली नाहीत. भेटीला आलेल्या अधिकाऱ्याने ‘किती धडे झाले’ असे विचारले, तर शिक्षकाने हे कलम नम्रपणे पुढे ठेवावे आणि कोणत्या मुलासाठी काय चालले आहे याची वही दाखवावी. अशी वही समोर आल्यावर आमच्यासारख्यांचाही सूर बदलतो.

दुसरा मुद्दा पायाभूत चाचणीचा. वर्षाच्या सुरुवातीला मागील इयत्तेच्या क्षमता तपासण्याची ही कल्पना मूळात चांगली आहे, आणि २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तिच्यामागचा हेतूही स्वच्छ होता. व्यवहारात मात्र गुण संगणकावर भरण्याची मुदत हीच मुख्य गोष्ट होऊन बसते. सातारच्या सरांनी ‘कोकीळ’ आणि ‘आड’ यांचे जे उदाहरण दिले, ते गुणांच्या तक्त्यात कधीही दिसणार नाही. म्हणून आमच्या केंद्राच्या, म्हणजे परिसरातल्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मी शिक्षकांना गुणपत्रके आणायला सांगत नसे. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या दोन मुलांच्या उत्तरपत्रिका आणाव्यात, मूल नेमके कुठे आणि का चुकले हे सांगावे आणि इतरांनी उपाय सुचवावेत, असा क्रम आम्ही ठेवला होता. त्या बैठका लांबत, पण कोणी घड्याळ पाहत नसे.

पायाभूत वाचन आणि गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाविषयीही थोडे लिहितो. तिसरीअखेर मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थ समजून वाचावेत, असे त्यात अपेक्षित आहे. या अपेक्षेतला ‘अर्थ समजून’ हा भाग गळून पडतो आणि घड्याळ तेवढे उरते. जूनमध्ये मुलांसमोर घड्याळ लावून वाचन घेणे मला तरी अनुचित वाटते. सुट्टीनंतर वाचन थोडे मंदावलेलेच असते, आणि जे मूल आधीच चाचरत वाचते ते घड्याळ पाहून पुढचे सगळे वर्ष मोठ्याने वाचायचे टाळू लागते.

पायरीनुसार शिकवण्याचा उपयोग होतो का, असे मला अनेक जण विचारत. मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत २००१ ते २००३ या काळात ‘बालसखी’ उपक्रमाचा काटेकोर अभ्यास झाला होता. वस्तीतल्याच तरुण मुली तिसरी-चौथीतल्या मागे राहिलेल्या मुलांना शाळेच्या वेळात रोज सुमारे दोन तास मूलभूत वाचन आणि गणित शिकवत. त्या शाळांतल्या मुलांची प्रगती लक्षणीय होती, आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांना त्याचा सर्वाधिक लाभ झाला. त्या अभ्यासाशी निगडित अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

प्रतिसाद ६ (चौथीची शिक्षिका, महापालिका शाळा, ठाणे)

केंद्रप्रमुख साहेबांचा आणि सातारच्या सरांचा आदर राखून एक आक्षेप नोंदवते. पायरीनुसार गट केले, की कोणता गट कोणाचा हे मुलांना पहिल्याच दिवशी कळते. आपण गटांना फुलांची किंवा पक्ष्यांची नावे दिली, तरी ‘मोर’ म्हणजे हुशार आणि ‘चिमणी’ म्हणजे ढ हे त्यांनी मधल्या सुट्टीपर्यंत ठरवलेले असते. माझ्या वर्गात एक मुलगा केवळ या कारणाने त्या तासाला पोट दुखते म्हणून बाहेर जाऊ लागला होता. जून महिन्यात मुलाला वर्गात आपलेसे वाटावे म्हणून आपण इतके झटत असताना, त्याच महिन्यात त्याच्यावर असा शिक्का बसणे मला बोचते. वाचन वाढण्याआधीच त्याचे येणे कमी झाले, तर या सगळ्याचा उपयोग काय?

प्रतिसाद ७ (तिसरी-चौथीचे शिक्षक, सातारा जिल्हा)

बाई, आपला आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

आमच्या शाळेत गट दिवसातून एकच तास असतात, आणि त्या तासाला तिसरी, चौथी व पाचवीची मुले एकत्र मिसळतात. पाचवीतला मुलगा आणि तिसरीतली मुलगी एकाच पायरीवर बसतात, आणि त्याच तासाला तिसरीतले दुसरे मूल गोष्ट वाचणाऱ्यांत असते. सगळी शाळाच हलत असल्याने ‘आपल्या वर्गातले मागचे’ अशी ओळख तयार होण्याला फारसा वाव राहत नाही. दर पंधरवड्याला मुले पुढच्या पायरीवर जातात, आणि ते जाणे सर्वांना दिसते. बसण्याच्या जागाही बदलतात, त्यामुळे कोणताही कोपरा कायम कोणाचा राहत नाही. उरलेला संपूर्ण दिवस वर्ग मिश्र असतो, आणि तिथे मी वाचनात मागे असलेल्या मुलाला त्याला जे उत्तम येते ते काम मुद्दाम देतो : प्रयोगाची मांडणी, नकाशा काढणे, परिपाठात गोष्ट सांगणे.

तरीही एखादे मूल दुखावले जातेच. अशा मुलाला महिनाभर गटात न घालता मी स्वतः जेवणानंतर थोडा वेळ घेऊन बसतो. सगळ्यांसाठी एकच नियम चालत नाही, हे मला मान्य आहे.

प्रतिसाद ८ (गणित शिक्षक, नागपूर जिल्हा)

विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे आमचे वर्ग आत्ता कुठे भरू लागले आहेत. गणिताविषयी एवढेच सुचवतो की, दुसरीच्या मुलांची संख्यालेखनातली चूक पाहताना त्यांनी काय ऐकले याचाही विचार करावा. सत्तावीस म्हणताना कानावर आधी सात पडतो, म्हणून मूल ७२ लिहिते. एकोणतीस ऐकताना ‘तीस’ ऐकू येते, म्हणून ते ३९ लिहिते. ही बेफिकिरी नव्हे, मूल तर्कानेच लिहीत असते. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचनही दिले गेले तेव्हा त्यावर मोठा वाद झाला होता. गणितज्ञ दिवंगत मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका मांडली होती, ती मला तेव्हाही योग्य वाटली आणि आजही वाटते. जून-जुलैत मी दोन्ही रीतींनी म्हणून घेतो : आधी वीस-सात, मग सत्तावीस. पावसाळा सरेपर्यंत वीस-सातची गरज आपोआप संपते.

प्रतिसाद ९ (अंगणवाडी पर्यवेक्षिका, नंदुरबार जिल्हा)

या धाग्यावर अंगणवाडीचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहिते आहे.

पहिलीत येणारे मूल कोरे नसते. ते अंगणवाडीत दोन-तीन वर्षे बसलेले असते, आणि आमच्या सेविकेला ते आतून-बाहेरून माहीत असते. कोणाला कानाचा त्रास आहे, कोणाचे वजन वर्षभर वाढलेले नाही, कोणाला गाण्याशिवाय हलवता येत नाही, कोण आईचा पदर सोडत नाही, हे सगळे तिच्याजवळ असते. कित्येक गावांत अंगणवाडी आणि शाळा एकाच आवारात आहेत, पण पहिलीचे शिक्षक आणि सेविका यांची या मुलांबद्दल एकदाही निवांत बोलणी होत नाहीत. ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात एप्रिल आणि जूनमध्ये मेळावे होतात, आया आणि मुले येतात, प्रत्येक मुलाचे विकास पत्र भरले जाते. ते पत्र पहिलीच्या बाईंनी जूनमध्ये वाचावे आणि सेविकेला बोलावून तासभर प्रत्येक मुलाविषयी विचारावे. इतके केले तरी शाळेचा पहिला महिना सोपा होईल.

आमच्या भागात घरी भिलोरी आणि पावरी बोलतात. सेविका बहुधा त्याच गावची असते, त्यामुळे शाळेतल्या बाईंना जो शब्द अडतो तो तिला येतो. पहिल्या दोन आठवड्यांत तिने रोज थोडा वेळ पहिलीच्या वर्गात येऊन बसावे, अशी व्यवस्था आमच्या काही गावांनी आपसात केली आहे, आणि मुलांचे रडणे त्यामुळे खूप कमी झाले.

धागाकर्त्या ताई पालघरच्या आहेत, म्हणून मुद्दाम सांगावेसे वाटते. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम उभे केले, त्यात मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचे, हा विचार होता. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा तिथेच भरल्या. लावणीच्या दिवसांत मुले येत नाहीत, ही आपली अडचण त्याच परिसरात पूर्वीही होती आणि तिच्यावर तिथेच विचार झालेला आहे.

प्रतिसाद १० (पालक, पुणे)

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. मुलीची शिकवणी लावण्याचा विचार सोडून दिला आहे. तिच्या वर्गशिक्षिकांना भेटून अक्षरांची चौकशी करण्याऐवजी ती वर्गात बोलते का, कोणाबरोबर डबा खाते, एवढेच विचारले. त्यांनी आनंदाने बराच वेळ दिला. ती मधल्या सुट्टीत एकटी बसते, हे मला पहिल्यांदाच कळले, आणि आता त्या तिला रोज एका मुलीबरोबर पाणी आणायला पाठवतात.

प्रतिसाद ११ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. अंगणवाडी ताईंनी लावणीचा विषय काढला, त्यावर आम्ही काय ठरवले ते लिहिते.

काल शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घेतली. लावणीला जाऊ नका असे म्हणण्यात अर्थ नव्हता. वर्षभराचा भात त्या दोन-तीन आठवड्यांवर अवलंबून असतो. प्रश्न धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार हा होता, म्हणून सेविकाताईंशी बोलून त्या काळात अंगणवाडी सकाळी लवकर उघडायची आणि तीन वर्षांखालच्या मुलांसाठी समितीतल्या दोन आज्यांनी आळीपाळीने तिथे बसायचे, असे ठरले. मोठ्या बहिणीने धाकट्याला अंगणवाडीत पोहोचवून शेजारच्या खोलीत शाळेला यावे. ज्या पाड्यावरून मधला ओढा भरल्यावर येता येत नाही, तिथे गेल्या वर्षी शाळा सोडून गेलेल्या आठवीतल्या मुलीला मी गोष्टींची पुस्तके आणि अक्षरपट्ट्यांची एक पेटी देणार आहे. ती दुपारी लहान मुलांना घेऊन बसेल, आणि पाणी उतरले की मी जाऊन पाहीन. त्या निमित्ताने तिलाही पुन्हा शाळेत आणता येईल का, याबद्दल तिच्या आईशी बोलणे सुरू केले आहे.

दुसरीतल्या मुलांची वाचनपायरी या आठवड्यात पाहून घेते. सातारच्या सरांना एक विचारायचे आहे : पहिली-दुसरी एकत्र असताना, दुसरीतल्या मुलाला जवळ घेऊन त्याचे वाचन ऐकण्याच्या वेळात पहिलीच्या मुलांना आपण काय द्याल? चित्रे आणि मणी देऊन पाहिले, पण ती दहा मिनिटांत माझ्याभोवती गोळा होतात.

प्रतिसाद १२ (तिसरी-चौथीचे शिक्षक, सातारा जिल्हा)

बाई, त्यांना गोळा होऊ द्यावे. दुसरीतल्या ज्या मुलाला गोष्ट वाचता येते त्याच्याकडे त्या वेळात पहिलीची चार-पाच मुले सोपवा, तो वाचून दाखवील आणि ती चित्रे पाहतील. उरलेल्यांना ओली माती द्या. पाहिलेले प्राणी करायला सांगा, आणि तास संपताना प्रत्येकाने आपल्या प्राण्याला किती पाय आहेत ते मोजून दाखवायचे. एका वेळी दोनच मुलांचे वाचन ऐकायचे असे ठरवले, तर हा वेळ पुरतो. आपल्या वर्गातले खेकडे बरोबर दहा अवयवांचे होतील, याची खात्री आहे.